वन्यप्राण्यांसाठी पेरलेला चाऱ्याचा पट्टा उगवला नाही, तर दुबार पेरणीपूर्वी काय तपासावे

पेरणी होऊन तीन आठवडे उलटले तरी पट्टा काळाच दिसतो, किंवा लांबून हिरवा दिसणारा पट्टा जवळ जाऊन पाहिला तर त्यात पेरलेले एकही रोप नसते आणि सगळा तरोटा व गाजरगवत माजलेले असते. अशा वेळी बहुतेक जण बियाणे खराब निघाले असे धरून चालतात आणि लगेच दुसऱ्या पिशवीची तजवीज करतात. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरील बालाघाटच्या माळांवर हरणे, ससे, मोर आणि तितर यांच्यासाठी गायरानाच्या कडेला व पडीक तुकड्यांवर गवत आणि द्विदल चारा पेरण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. या काळात फसलेले पट्टे इतके पाहिले आहेत की आता एक गोष्ट खात्रीने सांगता येते. पहिली पेरणी का फसली हे कळण्याआधी केलेली दुबार पेरणी बहुधा त्याच कारणाने फसते, आणि त्यात बियाण्याच्या पैशांपेक्षा मोठे नुकसान हातातून निघून गेलेल्या पावसाच्या दिवसांचे असते.

लक्षणे

फसलेले सगळे पट्टे सारखे दिसत नाहीत, आणि कारणाचा निम्मा शोध पट्टा नेमका कसा फसला आहे हे नीट पाहण्यातच लागतो. काही ठिकाणी काहीच उगवत नाही. काही ठिकाणी उगवण चांगली होते, पहिल्या आठवड्यात मन प्रसन्न होते, आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत रोपे एकेक करून नाहीशी होतात. काही पट्ट्यांत उगवण ठिगळाठिगळांनी होते, म्हणजे चढाच्या बाजूला रोपे असतात आणि उताराच्या टोकाला नसतात, किंवा तिफणीच्या एकाच फणाच्या ओळी रिकाम्या राहतात. काही पट्ट्यांत रोपे बोटभर वाढून पिवळी पडतात आणि तिथेच थांबतात. आणि काही पट्टे फसलेले नसतातच, ते फक्त फसल्यासारखे दिसतात. मारवेल, पवन्या, डोंगरी, अंजन यांसारखी बहुवर्षायू गवते पहिल्या पावसाळ्यात आपली बरीचशी ताकद मुळांत घालतात. वर दोन-चार पाती तेवढी दिसतात, आणि तीही तणांच्या सावलीत शोधावी लागतात. असे पट्टे नांगरून पुन्हा पेरलेले मी पाहिले आहेत. ज्यांनी ते नांगरले त्यांनी आपल्याच हातांनी जिवंत कुरण मोडले.

म्हणून कोणत्याही पेरणीच्या दिवशी एक सवय लावून घ्यावी. त्याच बियाण्याची मूठभर पेरणी घराजवळच्या एका कुंडीत करून ठेवावी. गवताचे कोवळे रोप ओळखणे जाणकारालाही अवघड जाते, आणि ओळखीसाठी समोर खात्रीचा नमुना असला म्हणजे माळावर काय आपले आणि काय परके हे लगेच कळते.

पहिली तपासणी : पेरणीची तारीख आणि पाऊस

या तपासणीला काहीच खर्च नाही, तरी तीच सर्वांत जास्त वेळा राहून जाते. पेरणी कोणत्या दिवशी झाली, त्याआधी एकूण किती पाऊस पडला होता आणि पेरणीनंतर पहिली उघडीप किती दिवसांची होती, हे तीन आकडे कागदावर मांडावेत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग शेतकऱ्यांना दर जूनमध्ये देतो, आणि तो चाऱ्याच्या पट्ट्यालाही तितकाच लागू आहे. बारीक बियाणे जमिनीच्या अगदी वरच्या थरात असल्यामुळे ओल सर्वांत आधी त्याच्यापासूनच उडते. मृगाच्या एखाद्या सरीवर बी फुगते, मोड बाहेर पडतो, आणि त्यानंतर दहा दिवस ऊन पडले की तो मोड तिथेच वाळतो. धूळपेरणी, म्हणजे पावसाआधीच कोरड्या जमिनीत पेरणी, केलेल्या पट्ट्यांची हीच गत पुन्हा पुन्हा होते.

महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरील आकडा आपल्या माळाचा आकडा असतोच असे नाही. मराठवाड्यात पाऊस शिवाराशिवारात वेगळा पडतो, हे इथे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. त्यामुळे पट्ट्याजवळ एक साधे पर्जन्यमापक असावे, आणि तेही नसेल तर पावसाच्या दुसऱ्या दिवशी खुरप्याने उकरून ओल किती बोटे खाली गेली ते पाहावे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने दीर्घ ओढ दिली, तेव्हा जुलैत उत्तम उगवलेले पट्टेही करपले. त्या वर्षी बियाण्याचा, जमिनीचा किंवा माणसांचा काहीच दोष नव्हता. अशा कारणाने पट्टा गेला असेल तर पुढच्या तपासण्यांत वेळ न घालवता थेट निर्णयाकडे वळावे.

दुसरी तपासणी : एक चौरस फूट माती

पावसाचा हिशेब ठीक निघाला तर खुरपे आणि स्वयंपाकघरातील जुनी चाळणी घेऊन पट्ट्यात जावे. पट्ट्याच्या चार-पाच वेगवेगळ्या जागी एक फूट लांब-रुंद चौकोन आखून वरची तीन बोटे माती अलगद खरवडावी, ती वाळल्यावर चाळावी आणि चाळणीत उरलेले पांढऱ्या कापडावर पसरून बघावे. मला या एका तपासणीने जितके शिकवले आहे तितके दुसऱ्या कशानेही शिकवलेले नाही, कारण मातीत सापडणारे बी स्वतःच आपल्यावर काय गुदरले ते दाखवते.

बी जसे टाकले तसेच कोरडे आणि टणक सापडले, आणि मातीला ओल मिळाली होती हे निश्चित असेल, तर ते बी सुप्तावस्थेत आहे. स्टायलो या द्विदल चाऱ्याच्या बाबतीत हे नेहमी घडते, कारण त्याचे कवच कठीण असते आणि पाणी आत शिरत नाही. साधारण ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवून नंतर रात्रभर थंड पाण्यात भिजवल्याशिवाय स्टायलो पेरू नये. अंजन गवताचे ताजे बीही काढणीनंतर काही महिने उगवत नाही आणि मुरल्यावरच चांगले उगवते. असे बी मेलेले नसते. ते जमिनीत टिकून पुढे उगवू शकते, त्यामुळे पट्टा उलथून टाकण्याची घाई करू नये.

बी फुगून मऊ पडलेले आणि दाबल्यावर दुर्गंधी सोडणारे सापडले तर पाणी साचले होते असे समजावे, आणि मग पुढे सांगितलेली खड्ड्याची तपासणी टाळू नये. मोड फुटून वाळलेला दिसला तर कारण उघडिपीचे आहे. मोड फुटून पांढऱ्या दोऱ्यासारखा वाकडातिकडा, मातीच्या आतच गुंडाळलेला दिसला तर बी खोल गेले आहे किंवा वर पापडी धरली आहे. तिफणीने पेरलेल्या पट्ट्यांत ही चूक ठरलेलीच असते. ज्वारी-तुरीच्या सवयीने चाड्यावर मूठ धरली की बी चार-पाच बोटे खोल जाते, आणि गवताचा इवलासा दाणा तेवढ्या खोलीतून वर येण्याइतके अन्न आपल्या पोटात बाळगत नाही. गवताचे बी ओलसर मातीत किंवा वाळूत मिसळून फोकावे आणि त्यावरून बोराटीची एखादी फांदी ओढावी, एवढीच त्याला झाकण्याची गरज असते. अर्धा ते एक सेंटिमीटर मातीखाली ते सुखाने उगवते.

पाचवी शक्यता म्हणजे चाळणीत बी सापडतच नाही.

तिसरी तपासणी : काट्यांची चौकट

बी सापडत नसेल किंवा उगवलेली रोपे नाहीशी होत असतील, तर कोणीतरी खात आहे हे उघड आहे. कोण खाते हे मात्र अंदाजाने ठरवू नये. एकदा माझ्याकडून अशी चूक झाली. मारवेल आणि पवन्याचा एक पट्टा सलग दोन वेळा रिकामा राहिला, आणि त्या वाटेने मेंढ्यांचे कळप जात असल्यामुळे मी मेंढपाळांना दोष देऊन मोकळा झालो. तिसऱ्यांदा बी टाकल्याच्या दिवशीच पट्ट्यात तीन ठिकाणी मीटरभर लांब-रुंद जागा बोराट्यांनी दाट वेढली, जेणेकरून मेंढरू, हरीण किंवा मोर आत जाऊ नये. पंधरा दिवसांनी पाहिले तर काट्यांच्या आतली जमीनही बाहेरच्याइतकीच उघडी होती. तिथेच कळप थांबवून बसलेल्या एका वयस्क मेंढपाळाला मी मामा म्हणून हाक मारली आणि हे दाखवले. ते उठून आले, थोडा वेळ वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, “दादा, मेंढरू काट्यात तोंड घालत नसतंय. ह्या बघा ना, नेऊन राहिल्यात सगळं.” त्यांच्या काठीच्या टोकाशी मुंग्यांची एक बारीक रांग चालली होती आणि जवळजवळ प्रत्येकीच्या तोंडात पवन्याचे एकेक कुसळदार बी आडवे धरलेले होते. ती रांग ज्या बिळाशी संपत होती त्याच्याभोवती फोलपटांचे वीतभर रुंदीचे पिवळट कडे जमले होते. त्या कड्यावरून मी अनेकदा चालत गेलो असेन, पण तो आमच्या बियाण्याचा साठा आहे हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

मुंग्यांवर विषारी भुकटी टाकणे हा इथे उपाय होऊ शकत नाही, कारण तितर आणि मोर यांची पिल्ले पहिल्या दिवसांत कीटकांवरच वाढतात. चिकणमाती आणि शेणखत यांच्या ओल्या मिश्रणात बी घोळवून लहान गोळ्या कराव्यात, त्या सावलीत सुकवाव्यात आणि चांगला पाऊस तोंडावर असताना टाकाव्यात. गोळीतले बी मुंग्यांना सहज उचलता येत नाही, आणि लगेच पाऊस मिळाल्याने ते फार काळ उघड्यावर पडून राहत नाही.

चौकटीच्या आत रोपे असतील आणि बाहेर नसतील, तर मात्र चराई हेच कारण आहे, आणि मग खुरांचे ठसे व लेंड्या पाहाव्यात. काळवीट एकाच जागी वारंवार लेंड्या टाकतो, त्यामुळे त्यांचा ढीग साचलेला दिसतो. रानडुकरांनी जमीन नांगरल्यासारखी उकरलेली असते. मोर पायांनी माती मागे ओढतात, त्यामुळे उथळ खळगे पडतात. ज्यांच्यासाठी पेरले तेच प्राणी खात असतील तर त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही, फक्त पट्टा त्यांच्या मानाने फार लहान आहे किंवा त्यांना फार लवकर मोकळा झाला आहे. गवताची मुळे धरेपर्यंत, म्हणजे निदान पहिला पावसाळा, काट्यांचे कुंपण राहू द्यावे. कुंपणात कोणत्याही कारणासाठी वीजप्रवाह सोडू नये. तो गुन्हा आहे, आणि त्यात माणसेही दगावतात.

चौथी तपासणी : बियाणे

लोक जिथून सुरुवात करतात ती तपासणी माझ्या क्रमात चौथी येते, कारण वरील तिन्ही तपासण्या एका सकाळी सुरू करता येतात आणि त्यांनी बहुतेक प्रकरणांचा उलगडा होतो. चवळी, हुलगा, मटकी यांचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीने ठेवून गुंडाळावेत, गोणपाट सावलीत ओलसर ठेवावे आणि आठवड्याने मोड आलेले दाणे मोजावेत. सत्तरच्या खाली संख्या गेली तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे, आणि पन्नासच्याही खाली गेली तर ते बियाणे पेरू नये.

गवताच्या बियाण्याची परीक्षा वेगळी आहे. पिशवीत जे दिसते त्यातील बराच भाग नुसते फोलपट असू शकते. शंभर तुरे मोजून घ्यावेत, तळहातावर चोळावेत आणि फुंकर मारून खरोखर भरलेले दाणे किती उरतात ते पाहावे. एकदा एका दुकानातून घेतलेल्या पिशवीतील शंभर तुऱ्यांमागे आम्हाला जेमतेम अकरा दाणे मिळाले होते. त्या हिशेबाने आम्ही एकरी टाकलेले बी कागदावर पुरेसे होते आणि जमिनीत जवळपास नव्हतेच.

याच टप्प्यावर एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. लाल, गुलाबी किंवा हिरव्या रंगाचे, कीटकनाशकाची प्रक्रिया केलेले बियाणे वन्यप्राण्यांच्या पट्ट्यात कधीही टाकू नये. असे दाणे टिपून मोर आणि इतर पक्षी मरतात. शेतातून उरलेले बियाणे फुकट मिळते म्हणून ते या कामासाठी देणारे सद्हेतूनेच देतात, पण ते नम्रपणे परत करावे. द्विदल बियाण्याला रायझोबियमसारखे जिवाणू संवर्धक लावण्यास हरकत नाही.

पाचवी तपासणी : रात्रीचे पाहुणे

रोपे कुरतडलेली असतील आणि काट्यांच्या चौकटीतही तीच अवस्था असेल, तर बॅटरी घेऊन रात्री पट्ट्यात जावे. २०२२ मध्ये लातूर, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, ते अनेकांना आठवत असेल. दिवसा त्या बांधाच्या दगडांखाली आणि पालापाचोळ्यात लपतात, त्यामुळे दिवसा फिरणाऱ्याला दोषी सापडत नाही. वाणी या अनेक पायांच्या किड्याचेही तसेच आहे. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी पट्ट्यात ठिकठिकाणी अंथरावीत, पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. शेतात यासाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरल्या जातात. आपल्या पट्ट्यात त्या वापरू नयेत, कारण त्या प्राण्यांना आणि पक्ष्यांनाही विषारी आहेत.

सहावी तपासणी : मागच्या पिकाचे तणनाशक

पट्टा पूर्वी सोयाबीनखाली असलेल्या जमिनीवर असेल आणि उगवलेली रोपे पिवळी पडून खुरटत असतील, तर तणनाशकाच्या अंशाचा संशय घ्यावा. सोयाबीनमध्ये वापरले जाणारे इमॅझेथापीर जमिनीत बराच काळ राहते आणि ज्वारी, बाजरी यांसारख्या तृणधान्यांना त्याची बाधा होऊ शकते. मका किंवा ज्वारीत मारलेले ॲट्राझीन याच्या उलट द्विदल पिकांना मारक ठरते. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. एका कुंडीत पट्ट्याची माती आणि दुसरीत कधीच फवारणी न झालेल्या बांधावरची माती भरून दोन्हींत एकच बी सारख्या खोलीवर पेरावे, पाणी सारखे द्यावे आणि तीन आठवडे पाहावे. पहिल्या कुंडीतली रोपे मागे पडली तर पट्ट्याला एक हंगाम विश्रांती द्यावी. या कुंड्यांमुळे वाचलेले पैसे मोजता येत नाहीत, कारण खराब जमिनीत टाकले न गेलेले बी कोणाच्या लक्षात राहत नाही.

सातवी तपासणी : जमीन

ही शेवटची आहे, कारण जमिनीत दोष निघाला तर तो दुरुस्त करणे सर्वांत अवघड असते. पट्ट्याच्या सर्वांत सखल भागात फूटभर खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा आणि दुसऱ्यांदा भरलेले पाणी किती वेळात जिरते ते पाहावे. दिवस उलटूनही पाणी तसेच असेल तर तिथे वाफसा वेळेवर येणार नाही, आणि स्टायलो किंवा अंजन तिथे टिकणार नाही. पाणी गढूळच राहत असेल, सुकल्यावर जमीन दगडासारखी होत असेल तर ती चोपण, म्हणजे अल्कधर्मी, असण्याची शक्यता आहे. याची खात्री मात्र माती परीक्षणानेच होते. पट्ट्यात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे वीतभर खोल खड्डे घेऊन त्यांच्या कडेची माती एकत्र करावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग काढून टाकत अर्धा किलो उरेपर्यंत ही कृती करावी आणि तो नमुना प्रयोगशाळेत द्यावा.

अहवालापेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते गवत आणि जमीन यांची जोडी जुळणे. दख्खनच्या पठारावरील गवताळ प्रदेशाची ओळखच पवन्या आणि मारवेल यांच्या नावाने दिली जाते. त्यांतले पवन्या उथळ मुरमाड माळावर रमते आणि मारवेलला काळी, थोडी खोल जमीन आवडते. ज्या माळावर पहार चार इंचांवर मुरमाला लागते तिथे मारवेल रुजवण्याचा हट्ट कितीही वेळा केला तरी फळत नाही. शेजारच्या राखीव कुरणात किंवा जुन्या बांधावर आपोआप काय वाढले आहे ते पाहिले तर बियाण्याची यादी तिथेच मिळते.

निर्णय

कारण सापडले की मग मोजणी करावी. चार काठ्यांची मीटरभर लांब-रुंद चौकट घेऊन पट्ट्यात तिरके चालत दहा ठिकाणी ती ठेवावी आणि आपल्या बियाण्याची रोपे मोजावीत. बहुवर्षायू गवताच्या बाबतीत सरासरी दहा किंवा अधिक रोपे असतील तर मी पट्ट्याला हात लावत नाही. फक्त गाजरगवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटतो, आणि उरलेले तण रोपांच्या वरून कापतो. चार ते दहा असतील तर नांग्या, म्हणजे मधल्या रिकाम्या जागा, भरतो. चारच्या खाली असतील तर दुबार पेरणीचा विचार करतो. हे आकडे माझ्या ठोकताळ्याचे आहेत, पण त्यांनी मला अनेक चांगले पट्टे मोडण्यापासून अडवले आहे.

दुबार पेरणी काय करावी हे त्यानंतर तारखेवर अवलंबून राहते. जुलैच्या मध्यापर्यंत गवत आणि स्टायलो पुन्हा टाकण्यास हरकत नाही. पुष्य नक्षत्र लागले, म्हणजे जुलैचा तिसरा आठवडा संपत आला, की मी गवताच्या बियाण्यावर विसंबत नाही, कारण पाऊस संपण्याआधी त्याची मुळे पुरेशी खोल जात नाहीत. त्या काळात रिमझिम असताना मारवेलचे मुळासकट ठोंब लावणे अधिक खात्रीचे आहे. जुन्या कुरणातून ठोंब काढावेत, पाती वीतभर ठेवून छाटावीत आणि हात-दीड हात अंतरावर लावावेत. मधल्या जागेत हुलगा किंवा मटकी फोकावी. ती कमी ओलीवर येतात, जमीन झाकतात आणि हरणांना व पक्ष्यांना उपयोगी पडतात. मूग आणि उडीद मात्र इतक्या उशिरा पेरू नयेत.

ऑगस्टचा उत्तरार्ध लागल्यावर गवताची दुबार पेरणी सोडून द्यावी. जमीन खोल काळी असेल तर सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत करडई पेरता येते. तिची मुळे खोल ओल घेतात आणि तिचे दाणे पक्षी खातात. जमीन मुरमाड असेल तर जे उगवले आहे ते तसेच राहू द्यावे, दिवाळीच्या आसपास परिसरातील पक्व गवताचे बी गोळा करावे, कोरड्या जागी ठेवावे आणि पुढच्या जूनची वाट पाहावी. तोपर्यंत ते बी मुरलेलेही असते. उघड्या जमिनीची लाज वाटून काहीतरी पेरून टाकण्याचा मोह मला समजतो, पण ज्या पट्ट्यांना एक वर्ष मोकळे ठेवले त्यांतील बहुतेक पट्टे दुसऱ्या वर्षी चांगले धरले आहेत.

स्वस्त मिळते म्हणून दुबार पेरणीला ज्वारी टाकण्याचा सल्ला हमखास दिला जातो. कोवळी आणि विशेषतः पावसाच्या ताणात खुंटलेली ज्वारी रवंथ करणाऱ्या जनावरांना बाधते, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे, आणि हरीण त्याला अपवाद नाही. शिवाय शेजारी कोणाचे शेत असेल तर धान्याचा पट्टा रोही (नीलगाय) आणि रानडुकरांना त्याच्या बांधापर्यंत आणून सोडतो. शेजाऱ्याच्या हरभऱ्याचे नुकसान करून राखलेला पट्टा गावात टिकत नाही आणि टिकूही नये. शेतापासून जवळच्या पट्ट्यांत म्हणूनच मी फक्त गवत ठेवतो. युरिया टाकण्याचाही आग्रह होतो, पण त्याने गवताआधी तण फोफावते.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास मेलेला मोर, हरीण किंवा एकाहून अधिक मेलेले पक्षी दिसले तर त्या क्षणी सगळी कामे थांबवावीत. मृत प्राण्याला हात लावू नये, हलवू नये, पुरू नये. मोर आणि काळवीट यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि पेरलेल्या बियाण्याची पिशवी जपून ठेवावी, कारण पशुवैद्यकाला विषबाधेचा शोध घेताना ती लागते.

जमीन वनविभागाची असेल, किंवा बीड जिल्ह्यातील नायगाव मयूर अभयारण्य, धाराशिवमधील येडशी रामलिंग घाट अभयारण्य यांच्या हद्दीत वा हद्दीलगत असेल, तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय एक मूठ बीसुद्धा टाकू नये. गायरानाबाबत ग्रामपंचायत आणि तलाठी यांच्याशी आधी बोलावे, आणि ज्यांची गुरे तिथे चरतात त्यांच्याशी त्याहून आधी बोलावे.

माती परीक्षणात सामू (पीएच) ८.५ च्या वर आला तर जिप्सम किती टाकायचे हे स्वतः ठरवू नये. जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राचे किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे मृदा तज्ज्ञ अहवाल पाहून मात्रा सांगतात, आणि पाण्याचा निचरा आधी सुधारल्याशिवाय जिप्समचा उपयोग होत नाही. कुंडीच्या प्रयोगात दुसऱ्या हंगामानंतरही रोपे पिवळीच पडत असतील तरीही तिथेच जावे. अतिवृष्टीने पट्ट्यात गुडघ्याहून खोल घळी पडल्या असतील, तर तो प्रश्न पेरणीचा राहिलेला नाही. वरून येणारे पाणी कुठे वळवायचे आणि बांध कुठे घालायचा हे मृद व जलसंधारणाच्या जाणकाराने जागेवर येऊन ठरवेपर्यंत तिथे बी टाकू नये. तोवर घळीच्या तोंडाशी दगड रचावेत, आणि वाहून आलेली माती जिथे थांबते त्या ओळीवर मारवेलचे ठोंब लावून ठेवावेत.